उन्हाळ्याचे दहा आठवडे आणि समान संधी



एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर भरते. इतक्या सूक्ष्म मापाने पदार्थ घडविण्याची विद्या केवळ ग्रंथ वाचून हस्तगत होत नाही. धूलिविरहित दालनात, आपाद-मस्तक झगा चढवून, पिवळ्या प्रकाशात सिलिकॉनच्या चकतीवर आकृती उमटविण्यास हात बसावा लागतो. असे दालन उभारणे लहान महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे असते. तेव्हा त्या दालनात कोणाचा प्रवेश व्हावा, हा केवळ विज्ञानाचा प्रश्न नसून न्यायाचाही प्रश्न आहे.

अमेरिकेने १९८० साली कायदा करून स्त्रिया व अल्पसंख्य समाज यांना विज्ञान व अभियांत्रिकीत समान संधी देणे हे राष्ट्राचे धोरण ठरविले. १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रशिक्षणास अनुदान देत आले. २००४ साली नॅनो-तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांचे जे राष्ट्रीय जाळे उभे राहिले, त्यात १८६७ साली स्थापन झालेले, कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाचे माहेर असे हॉवर्ड विद्यापीठही होते. या जाळ्यातर्फे पदवीपूर्व विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात सुमारे दहा आठवडे प्रत्यक्ष संशोधन करावयास मिळे.

या योजनेचे मर्म विद्यावेतनात आहे. गरिबाच्या मुलास उन्हाळी सुट्टी म्हणजे विश्रांती नव्हे. पुढील वर्षाच्या खर्चासाठी मजुरी करण्याचे ते दिवस होत. बिनपगारी संशोधनाचे दार सर्वांस उघडे आहे असे म्हणणे म्हणजे ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच आत घेणे होय. विद्यावेतन व निवासाची सोय मिळाली, म्हणजेच संधी या शब्दास अर्थ प्राप्त होतो.

यास पक्षपात म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझा प्रश्न आहे: ज्याने ते यंत्र कधी पाहिलेही नाही, त्याची पात्रता तुम्ही कशावरून ठरविली? सूक्ष्मदर्शक कोणाचा वर्ण विचारीत नाही; तो विचारला जातो दारावर.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धती अवैध ठरविली. निकालाचा एक मुख्य आधार राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती हा होता. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या संरक्षणार्थ १८६८ साली जी दुरुस्ती झाली, तिचाच हा उपयोग व्हावा, हे विचार करण्याजोगे आहे. पुढे एप्रिल २०२५ मध्ये विज्ञान प्रतिष्ठानाने विषमता-निवारणाशी संबंधित अनेक अनुदाने रद्द केली.

यातून वकील या नात्याने मी एकच निष्कर्ष काढतो. १९८० च्या कायद्यात धोरण आहे. परंतु अमुक विद्यार्थ्यास जागा मिळालीच पाहिजे असा हक्क त्यात नाही. धोरण सत्तेबरोबर पालटते, अनुदान एका पत्राने थांबते. म्हणून वंशाचा निकष न्यायालयात टिकत नसेल, तर दारिद्र्य, घरातील पहिलाच पदवीधर असणे, ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही तेथे शिकणे, हे निकष पुढे आणावेत. निकष बदलले तरी चालेल. विद्यावेतन मात्र सोडता कामा नये. उपकार म्हणून मिळालेले दार उपकारकर्त्याच्या मर्जीने बंद होते. हक्काने उघडलेले दार बंद करणाऱ्यास निदान उत्तर तरी द्यावे लागते.