सामाईक मळा आणि दोन आज्ञा

(ज्युबिली सप्ताहांतील सायंप्रार्थनेनंतर केलेलें भाषण)



ज्युबिली म्हटली कीं तोरणें आणि वाजंत्री डोळ्यांपुढें येतात. परंतु जुन्या करारांतील ज्युबिली मुळांत जमिनीची होती. पन्नासाव्या वर्षीं पेरणी बंद असे, आणि जमीन परमेश्वराची असून आपण तिच्यावरचीं केवळ कुळें आहों, ही आठवण लोकांस होत असे. म्हणून आज आम्ही एका सामाईक मळ्याविषयीं बोलणार आहों.

१८८५ सालीं नीरेचा डावा कालवा पुरा झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर पाटाचें पाणी खेळूं लागलें. त्याच पाण्यावर आमच्या ओळखीच्या आठ कुटुंबांनीं मिळून वांग्यांचा व पेरूंचा मळा केला. पाळीनें पाणी द्यावें, सारखा वांटा घ्यावा, असें ठरलें. पुढें रात्रींतून वांगीं नाहींशीं होऊं लागलीं. कोणीं कांहीं पाहिलें नव्हतें. तरी सर्वांचीं बोटें माळावरच्या एका पारधी कुटुंबाच्या पालाकडे वळलीं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें कित्येक जमातींस जन्मतःच चोर ठरविलें होतें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. लोकांच्या मनांतून मात्र अद्याप गेलेला नाहीं. पाल उठविण्यांत आलें. आम्हीं तें पाहिलें आणि गप्प राहिलों.

चोरी थांबली नाहीं. अखेर वांटेकऱ्यांपैकींच एकानें सर्वांसमोर कबूल केलें कीं, घरांतील आजारपणापायीं तोच माल नेऊन बाजारांत विकीत होता. दोन हंगामांत त्यानें पैसे फेडले. वांग्यांची भरपाई झाली. पालांतल्या माणसांच्या अब्रूची भरपाई कोणीं केली? सातव्या आज्ञेची राखण करतां करतां आपण आठवी मोडली.

चोर नेहमीं परका किंवा भुकेला असतो, असें नाहीं. संत ऑगस्तीन यांनीं १६ व्या वर्षीं सोबत्यांसह रात्रीं शेजारची नासपती लुटली. घरीं त्याहून चांगलीं फळें होतीं. चोरलेलीं बहुतेक डुकरांपुढें टाकलीं. हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. उलट, मोशेच्या नियमशास्त्रानें वाटसरूस शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यांत पोटभर खाण्याची मुभा दिली, टोपलींत भरण्याची नाहीं. शेतांतला सरवा गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राखला. रूथ अशाच सरव्यावर जगली. आणि प्राण जाण्याची वेळ आली असतां दुसऱ्याच्या धान्यांतून पोटापुरतें घेणें ही चोरी नव्हे, असें संत थॉमस अक्वायनस शिकवितात.

तेव्हां आमचें सांगणें थोडकें आहे. राखणीची पाळी व प्रत्येकाचा वांटा वहींत लिहा, म्हणजे संशयास जागा उरणार नाहीं. अडलेल्या वांटेकऱ्यास उघडपणें उसनें मागतां येईल, अशी रीत ठेवा. रस्त्याकडेचा एक वाफा भुकेल्यांसाठीं सोडा. डोळ्यांनीं पाहिलें नसेल तर कोणाचें नांव घेऊं नका. ज्यानें नेलें त्यानें परत करावें. लाज वाटत असेल तर धर्मगुरूच्या हातून गुपचूप करावें. आणि ज्यानें दुसऱ्याचें नांव बुडविलें त्यानें मात्र तें चारचौघांत, जेथें बुडविलें तेथेंच, वर काढावें.

हें ऋण आमच्यावरही आहे. त्या कुटुंबाचा माग काढून या ज्युबिली वर्षांतच आम्ही क्षमा मागावयास जाणार आहों. ज्यांस यावेंसें वाटेल त्यांनीं आमच्याबरोबर यावें.

प्रभु येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.