वृक्षविशेषः

स्वागताध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं’ असं सांगितलं. त्यातली निम्मी वर्षं मी मार्क शिकवले, एवढं कबूल करून बोलायला लागतो.

कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आठवीतलं पोरगं विचारतं, “सर, काय घेऊ?” आपण म्हणतो, “संस्कृत घे, पैकीच्या पैकी पडतात.” संपूर्ण संस्कृत घेतलं तर पुस्तकाचं नाव ‘आमोद’, संयुक्त घेतलं तर ‘आनंद’. नावं दोन्ही सुखाची, पण दप्तरात त्यांच्या जागी गाईड असतं. शाळेच्या परीक्षेला ते पुरतं. स्पर्धेला गेल्यावर मात्र उघडं पडायला होतं.

एका जिल्हास्तरीय प्रश्नमंजूषेला मी परीक्षक होतो. मेघदूतातला यक्ष मेघाला कुठली फुलं वाहतो, असा प्रश्न होता. शहरातल्या शाळेच्या मुलीनं तत्काळ उत्तर दिलं, “कुटज.” टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही. विचारलं, “कुटज म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “वृक्षविशेषः.” गाईडात तेच छापलेलं होतं. आपल्या टीकाकारांचीही ही जुनी खोड आहे. झाड ओळखू आलं नाही की ‘वृक्षविशेषः’, म्हणजे ‘कुठलंसं एक झाड’, लिहून मोकळे. मागच्या बाकावर आपल्या जंगलपट्टीतला एक मुलगा होता. तो आधीच बाद झाला होता. तो हळूच म्हणाला, “सर, कुडा असंल. पोटात मुरडा आला का आजी साल उगाळून देते.” गुण त्या मुलीलाच द्यावे लागले, कारण प्रश्न तेवढाच होता. पण त्या दिवसापासून आपल्या अभ्याससाहित्यात काय नाही, हे मला कळलं.

अभ्याससाहित्य आपल्याकडे आजवर कुणी तयार केलं, ते पाहू. नाना जगन्नाथ शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हुशार पोरं तिच्यावर डोळा ठेवून अभ्यासाला बसत. पण बसायला पुस्तक हवं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६०च्या दशकात संस्कृतचं पहिलं आणि दुसरं पुस्तक लिहिलं, ते हायस्कुलात हेडमास्तरकी करता करता. तेव्हा ते कुठल्या विद्यापीठाचे मोठे प्रोफेसर नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे वर्गावर जाणारे मास्तर होते. मुलं कुठे अडतात ते रोज समोर दिसत होतं, म्हणून ती पुस्तकं इतकी वर्षं टिकली.

वामन शिवराम आपट्यांची गोष्ट याहून चटका लावणारी. लहानपणीच आई-वडील गेलेला, हलाखीत शिकलेला हा मुलगा. १८७३ साली मॅट्रिक झाला, तीच शिष्यवृत्ती मिळवून. आणि १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यानं वाक्यरचनेचं पुस्तक काढलं. मागून येणाऱ्या विद्यार्थ्याला शुद्ध संस्कृत लिहिता यावं म्हणून. १८९० साली त्यांचा मोठा कोश आला. १८९२ साली आपटे गेले, अवघे चौतीस वर्षांचे. आज मोबाइलवर संस्कृत शब्द शोधणारं पोर पुष्कळदा त्यांच्याच कोशात शोधत असतं, हे त्याला माहीत नसतं. नंतर मोरेश्वर रामचंद्र काळे आले. त्यांचं मोठं व्याकरण १८९४चं. काव्यनाटकांच्या त्यांच्या सटीप आवृत्त्या अजून छापल्या जातात.

आपट्यांचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. स्पर्धा जिंकलेला मुलगा मागच्यांसाठी पुस्तक लिहितो. बक्षिसाचा खरा उपयोग हा. तीच शिष्यवृत्ती १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना मिळाली. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांनी मेघदूत मराठीत आणलं आणि उतारवयात पुन्हा अमरकोश काढून त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे काय होतं? पोरगं नागपूरला, पुण्याला गेलं की सुभाषितांची वही रद्दीत जाते. त्या वहीत त्यानं कुठे अडलो, कसं सुटलो ते लिहिलेलं असतं. ती वही मागून घेणं हे आपलं काम होतं. आपण मागितली नाही.

अमेरिकेत लॅटिनची अशीच स्पर्धा-संस्कृती आहे. १९३६ पासून शाळकरी मुलांची तिथे एक संघटना आहे. त्यांची पोरं गटागटानं बसून बझर दाबत रोमन राजांची नावं सांगतात. मला बझरचा हेवा वाटत नाही. आपल्याकडे शलाका परीक्षा होती. पोथीत सळई खुपसायची, जे पान निघेल तिथून अर्थ लावायचा. त्या परीक्षेला ‘अपेक्षित प्रश्नसंच’ काढून दाखवा! अखिल भारतीय शास्त्रस्पर्धांत शलाका अजून आहे. आपण ती आठवीच्या वर्गात ‘आमोद’ घेऊन का करू नये? सळई नसली तर सायकलची तार चालेल.

आता एक गोष्ट जरा अवघड आहे, पण ती इथं, चंद्रपूर जिल्ह्यात, बोलायलाच हवी. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. त्याच माणसानं पालीचा कोश आणि व्याकरण तयार केलं; ते शासनाच्या ग्रंथमालेत सोळाव्या खंडात छापलेलं आहे. १६ ऑक्टोबर १९५६ला त्यांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. या जिल्ह्यात ‘अभिजात भाषा’ म्हणजे फक्त संस्कृत, असं म्हणणारा मास्तर मला मान्य नाही. बोर्डात पाली आहे, अर्धमागधी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा दिला. आपल्या स्पर्धांच्या पत्रकात मात्र पाली अजून शोधावी लागते.

आणि पाली-प्राकृत काही बाहेरून आणायचं नाही. नागभीड तालुक्यातल्या देवटेकची शिळा घ्या. एकाच दगडावर दोन लेख. एक अशोककालीन ब्राह्मीत, प्राकृत भाषेत, प्राण्यांना पकडू-मारू नये अशी आज्ञा देणारा. दुसरा वाकाटक राजा रुद्रसेनाचा, संस्कृतात. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ते वाचले आणि लेखातलं गाव म्हणजे देवटेकजवळचं चिकमारा, असं दाखवून दिलं. जंगलाच्या जिल्ह्यात शिकारबंदीचा बावीसशे वर्षांपूर्वीचा हुकूम! शाळेच्या सहलीला पोरांना नागपूरच्या उद्यानात नेता, तर तिथल्याच संग्रहालयात ठेवलेला हा दगडही दाखवा. ठसा काढून वर्गात लावा. प्राकृत आणि संस्कृत शेजारी शेजारी बघायला याहून चांगला तक्ता मिळायचा नाही.

साधनांचं म्हणाल तर आज पैशाची अडचण फारशी नाही. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात, निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या आवृत्त्या स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. अडचण रेंजची आहे. म्हणून चंद्रपूरला गेलात की पेनड्राइव्ह भरून आणा आणि शाळेच्या एका संगणकावर ठेवा. एवढं पुरे.

जे कुठेच उतरवता येत नाही ते आपल्यापाशी आहे. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात वनौषधिवर्ग आहे. पाठांतरात पोरं तिथेच दमतात, कारण ती नावं हवेत लटकलेली असतात. पण पोंभुर्ण्याच्या पोराला किंशुक म्हणजे पळस, मधूक म्हणजे मोह, तिन्दुक म्हणजे तेंदू, शाल्मली म्हणजे सावर एवढं सांगितलं की त्याचं अर्धं पाठांतर झालं. ‘प्रियाल’ कुमारसंभवात येतो. आमची पोरं त्याची चारं उन्हाळाभर खातात. मला हवी आहे ती एक वही: अमरकोशातलं नाव, त्याखाली झाडीबोलीतलं, त्याखाली गोंडीतलं, आणि समोर वाळवलेलं पान. गोंडी नाव आपल्याला येत नसेल तर ते पोराच्या आजीला विचारायचं. शंभर झाडं झाली की छापू, आणि पुढच्या प्रश्नमंजूषेत ‘वृक्षविशेषः’ या उत्तराला शून्य गुण देऊ.

वही मी आणली आहे, दाराजवळच्या टेबलावर आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकानं आपल्या शाळेचं नाव आणि निदान एक झाड तिच्यात लिहावं. कुडा मी लिहिलेला आहे, तो सोडून.