मैत्रिणीबरोबर पुण्याचा एक दिवस

आम्ही भोर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकराजणी, पण त्या दिवशी गेलो सातजणी. बाकीच्या चौघी का आल्या नाहीत तेही पुढं सांगू, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील.

आपण बाया गाव सोडतो ते कशासाठी? लग्न, मयत, दवाखाना, जत्रा, नाहीतर बँकेतलं काम. नुसतं बघायला, फिरायला आणि हाटेलात बसून जेवायला जायचं, असं घरात सांगायला तोंड उघडत नाही. लगेच प्रश्न येतो, "काय काम हाय तिथं?" काम काहीच नव्हतं. पुण्यात आमची एक मैत्रीण राहते, एवढंच. आमच्याच वाडीची लेक. पंधरा वर्षं झाली, सहा घरी पोळ्या लाटते. दर दिवाळीला गावी आली की म्हणायची, "या की गं एकदा." यंदा गेलो.

पैशाचं आधी सांगतो, कारण सगळ्याजणी तेच विचारतात. गटाच्या बचतीला हात लावला नाही. दर आठवड्याच्या बैठकीला वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकले. पस्तीस आठवड्यांत एकीचे सातशे झाले. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जायच्या-यायच्या खर्चाचा बोजा वाटला नाही. रिक्षा, बघायची तिकिटं, जेवण, चहा सगळं त्यातच बसलं आणि थोडं उरलंही.

पहाटेच्या गाडीनं स्वारगेटला उतरलो. मैत्रीण आधीच येऊन उभी. सहाही घरी तिनं आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. पाच घरं हो म्हणाली, एका घरानं खाडा धरून पैसे कापले. "कापू दे," म्हणाली, "रोज थोडीच येताय तुम्ही."

पहिल्यांदा गेलो बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. दिनकर केळकर नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. २०,००० च्या वर वस्तू जमवल्या आणि सगळं सरकारच्या हवाली केलं. आम्हाला वाटलं होतं, राजा-महाराजांच्या तलवारी बघायच्या असतील. तलवारी आहेतही. पण आम्ही जिथं खिळून उभ्या राहिलो ती कपाटं वेगळीच. दिवे, समया, कुंकवाचे करंडे, फण्या, स्वयंपाकाची भांडी. अडकित्ते तर किती तऱ्हांचे! सुपारी कातरायचं एवढंसं हत्यार, पण त्याला मोराचा आकार, घोड्याचा आकार. पाय घासायच्या वज्रीवरसुद्धा नक्षी. आमच्यातली थोरली काचेला नाक लावून बघत होती. म्हणाली, "अगं, ही तर आमच्या आत्याकडं होती." वस्तूखालच्या पाट्या शाळा शिकलेल्या दोघी मोठ्यानं वाचत होत्या आणि बाकीच्या त्यावर आपली माहिती जोडत होत्या, हे कशानं घासायचं, हे कुठल्या सणाला काढायचं. पाटीवर नाही ते आम्हाला ठाऊक होतं. शेजारी कॉलेजच्या पोरी होत्या, त्या आमचंच ऐकत राहिल्या.

मैत्रीण म्हणाली, "पंधरा वर्षं याच रस्त्यानं जाते. आत आज पहिल्यांदा आले."

मग जेवण. मराठी थाळी मिळते अशा खाणावळीत गेलो. पिठलं, भाकरी, अळूची पातळ भाजी, मसालेभात, जिलबी, ताक. हवं तेवढं वाढतात. आता थाळीची चव कशी होती म्हणाल, तर पिठलं आपलंच बरं. पण वाढपी येऊन "ताई, अजून?" म्हणतो आणि आपण बसून राहायचं, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. दोघी तर ताटं उचलायला उठल्याच. मैत्रिणीच्या पानात गरम पोळी आली. तिनं ती उलटून बघितली, कड दाबून बघितली, म्हणाली, "जरा जाड लाटलीय." आम्ही हसलो. मग हळूच म्हणाली, "तव्यावरची पोळी माझ्या पानात कुणी वाढलेली मला आठवत नाही." आणि दुसरी मागितली.

बिलावरून ओढाताण झाली. ती म्हणे, तुम्ही माझ्या गावात आलात, मी देणार. आम्ही म्हणालो, तुझा आजचा रोज बुडालाय. शेवटी डब्यातून दिले आणि संध्याकाळचा चहा तिच्याकडं ठेवला.

एक कामाची गोष्ट. प्रवासात आपण पाणी पीत नाही, जागा कुठं मिळणार म्हणून. दिवसभर तसंच काढायचं आणि रात्री डोकं दुखतं म्हणायचं. आम्ही सकाळीच ठरवलं होतं, संग्रहालयात आणि खाणावळीत सोय आहे का ते लाज न धरता विचारायचं. विचारलं, दाखवली, पाणी पोटभर प्यालो.

तिथून मंडई. दगडी इमारत, मधोमध उंच मनोरा, १८८६ सालची. मेथीची जुडी आमच्याकडून व्यापारी ज्या भावानं उचलतो त्याच्या तिप्पट भावानं तिथं होती. यावर बराच वेळ बोलणं झालं, ते पुन्हा कधीतरी सांगू. या इमारतीला ज्योतिराव फुल्यांचं नाव आहे. गंमत अशी की, ती बांधायच्या खर्चाला म्युनिसिपालटीचे सभासद म्हणून त्यांनीच विरोध केला होता.

ते कळल्यावर त्यांचं घर बघायचंच होतं. गंज पेठेतला फुले वाडा. छोटासा, कौलारू, अंगणात वृंदावन आणि हौद. १८६८ मध्ये ज्योतिरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो इथला. सावित्रीबाई याच अंगणात वावरल्या. त्यांचं माहेर नायगाव, म्हणजे आमच्या शिरवळच्या बाजूचं. हे ऐकून थोरली म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचीच की." मुलींची शाळा १८४८ ला भिडे वाड्यात निघाली. तो जुना वाडा आता नाही, स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. आम्हा सातजणींतल्या दोघी सही शिकल्या त्या गटात आल्यावर. त्या दोघी अंगणात इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसल्या. काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

आता त्या चौघींचं. एकीची म्हैस व्यायला झाली होती. एकीचं पोर तापलं. एकीला खरंच यायचं नव्हतं, गर्दीची भीती वाटते, तेही चालतंच की. चौथीनं मात्र पस्तीस आठवडे पैसे भरले होते, लुगडं काढून ठेवलं होतं आणि आदल्या रात्री नवरा म्हणाला, जायचं नाही. कारण काही नाही. सकाळी गाडीला आम्ही सातजणी होतो आणि तिचं दार बंद होतं.

परत आल्यावर तिचे पैसे तिला दिले, पण तिनं घेतले नाहीत. म्हणाली, डब्यातच ठेवा. मग आम्ही तिघी तिच्या सासूकडं गेलो. नवऱ्याचं नाव काढलं नाही. अडकित्त्यांचं सांगितलं, वज्रीचं सांगितलं. म्हातारी उठली, माळ्यावरून एक फडकं काढलं, त्यात पितळी अडकित्ता निघाला, पोपटाच्या आकाराचा. तिच्या सासूचा. "असले तिथं काचेत ठेवल्यात?" तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मला गुडघ्यानं चढवत नाही. जिने हायत का लय?"

आहेत थोडे. सावकाश चढवू म्हणालो.

माघ सरला की पुन्हा जायचं ठरलंय. सासू आणि सून दोघींची नावं वहीत लिहिलीत. मैत्रिणीला फोन केला, या वेळी ती सहाही घरी महिनाभर आधी सांगणार आहे. तुमच्या गटातून कुणी कुठं गेलं असेल तर रेडिओवर येऊन सांगा, आम्ही ऐकू.