बरणी काचेची की प्लास्टिकची?



एप्रिल-मे आला की तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या घरांत रातांबे फोडायला बसतात. साली सोलं होण्यासाठी उन्हात जातात आणि मिठात सुटलेला आगळ वर्षभराच्या सोलकढीसाठी भरून ठेवला जातो. त्याच दिवसांत कैऱ्या मिठाच्या पाण्यात पडतात. न्याहारी निवास चालवणाऱ्या घरांना तर साठा मोठाच लागतो. मग प्रश्न येतो, हे सगळं भरायचं कशात?

उत्तर दडलंय मुदतीत. पदार्थ किती दिवस भांड्यात राहणार, हे आधी पाहावं.

आंबोळीचं पीठ एका रात्रीत फुगतं. त्याला स्टील, काच, चांगलं प्लास्टिक, काहीही चालतं. गोव्यात फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रस पूर्वी मातीच्या भांड्यांत आंबवत, आता अनेक ठिकाणी प्लास्टिकचे पिंप वापरतात. रस तिथे काही दिवसच राहतो आणि मग भट्टीवर चढतो, म्हणून ते निभतं. परदेशात घरी बिअर करणारेही बहुधा हाच हिशेब मांडतात. पहिल्या जोरदार आंबण्याला प्लास्टिकची बादली आणि पुढे महिनोन्‌महिने मुरवायचं असेल तर काच.

कारण हवेचं आहे. काचेतून प्राणवायू आरपार जात नाही. प्लास्टिकमधून तो अगदी सावकाश, पण सतत आत शिरतो. बाटल्यांच्या पीईटीपेक्षा पिंपांच्या एचडीपीईतून तर बराच जास्त. आगळाचा लाल रंग हवेने आणि उजेडाने फिका पडतो. शिवाय प्लास्टिक वास आणि रंग धरतं, तारेच्या घासणीने त्यावर ओरखडे उठतात आणि त्या चरांत जंतू घर करतात. म्हणून ते मऊ फडक्यानेच धुवावं.

काचेलाही पथ्य आहेच. ती जड, निसरडी, आणि थंड बरणीत कढत पाणी ओतलं तर तडकते. उजेड ती अडवत नाही, तेव्हा तिची जागा अंधाऱ्या फडताळात. आणि आंबणाऱ्या पदार्थातून कार्बन डायऑक्साइड निघत असताना झाकण गच्च आवळलं, तर बरणी फुटून इजा होऊ शकते. पहिले काही दिवस झाकण सैल ठेवावं. बरणी कुठलीही असो, कैऱ्या पाण्याखाली दबलेल्या हव्यात. वर तरंगलेल्या कैरीवरच आधी बुरशी धरते.

प्लास्टिक घेताना तळाशी पाहावं. त्रिकोणातला 1, 2 किंवा 5 हा आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, ते अन्नासाठी बनवलंय याची हमी देत नाही. त्यासाठी पेला-काट्याचं चिन्ह किंवा ‘फूड ग्रेड’ अशी नोंद शोधावी. भारतात अन्नाच्या वेष्टनांना 2018 पासून स्वतंत्र नियम आहेत. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा त्यांत किलोमागे 60 मिलिग्रॅम ठरवलेली आहे.

रंगाचे, औषधफवारणीचे, रसायनांचे जुने पिंप स्वस्तात मिळतात. कितीही धुतले तरी त्यांत खाण्याचा पदार्थ भरू नये. आंबट आणि खारट रस आतलं उरलंसुरलं द्रव्य ओढून घेऊ शकतो.

तेव्हा यंदाचा आगळ आणि खारातले आंबे काचेत किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा. प्लास्टिक घ्यायचंच झालं तर नवं, अन्नासाठीचं घ्या आणि थोड्या दिवसांच्या कामालाच वापरा.