चारही चाकांचे बळ

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माहुल नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. खाडीस ओहोटी लागली म्हणजे माहुलपासून शिवडीपर्यंत काळ्या गाळाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. हिवाळ्यात या मैदानावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि निर्धास्तपणे चरत फिरतात. त्यांच्या बोटांना पडदे असल्यामुळे शरीराचा भार पसरतो व पाय रुतत नाही. माणसाची गोष्ट निराळी. त्याने एका पायावर जोर दिला की तोच पाय अधिक खोल जातो. अनुभवी कोळी म्हणूनच घाई करीत नाही. भार वाटून घेत, एकेक पाऊल सोडवीत तो पुढे सरकतो.

मोटारगाडीच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न या गाळातच दडलेला आहे. डांबरी रस्त्यावर दिमाखाने धावणारी गाडी चिखलात शिरली की तिचे एक चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते आणि गाडी तसूभरही हलत नाही. यंत्रात बळ असते; परंतु ते जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसविली तर वळणावर त्यांतील एक घासत जाईल. म्हणून दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक पेटी बसवितात. कारागीर तिला डिफरन्शियल म्हणतात. या पेटीमुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक मिळते. कोरड्या रस्त्यावर जो गुण, तोच चिखलात दोष ठरतो. ज्या चाकाला जमिनीचा आधार नाही, ते हलके फिरते. आणि सारी गती त्याच्याच वाट्यास जाऊन दुसरे चाक स्वस्थ राहते. यावर उपाय म्हणजे यंत्राचे बळ मागच्या दोन चाकांपुरते न ठेवता पुढच्या चाकांनाही पोहोचविणे. मागची चाके रुतली तरी पुढची ओढतात. पुढची घसरली तरी मागची ढकलतात.

ही युक्ती नवी वाटली तरी तिचे तत्त्व शेतकऱ्याला कधीच अपरिचित नव्हते. बैलगाडीची चाके स्वतः काहीच करीत नाहीत. जोर असतो तो बैलांच्या आठ खुरांत. एक खूर निसटला तर सात खूर माती धरून असतात. मोटार आली तेव्हा हे आठ खूर गेले आणि त्यांच्या जागी दोन चाके आली. रस्ते चांगले होते तेथे ही उणीव कोणास जाणवली नाही. जेथे रस्तेच नव्हते, तेथे मात्र ती पावलोपावली जाणवली.

ही उणीव प्रकर्षाने जाणवली ती युद्धात. 1940 साली अमेरिकेच्या लष्कराने हलकी, चारही चाकांनी चालणारी गाडी हवी असल्याचे जाहीर केले आणि नमुना तयार करण्यास अवघ्या 49 दिवसांची मुदत दिली. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने ही मुदत पाळली. परंतु कंपनी लहान आणि मागणी अफाट. त्यामुळे मोठे काम गेले विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांकडे. विलिसच्या यंत्राची शक्ती सुमारे 60 अश्वशक्ती होती आणि ते घडविण्यात बार्नी रूस या अभियंत्याचा मोठा वाटा होता. युद्ध संपेपर्यंत या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तीच जीप.

या गाडीचा मुंबईशी जुळलेला संबंध ऐकण्यासारखा आहे. कैलाशचंद्र महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत हिंदुस्थानच्या पुरवठा मंडळाचे काम पाहत होते. तेथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली आणि जीप त्यांच्या मनात भरली. रस्त्यांची वाण असलेल्या देशास अशीच गाडी हवी, हे त्यांनी ओळखले. त्यांचे बंधू जगदीशचंद्र यांचे शिक्षण मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये झाले होते. या दोघा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 2 ऑक्टोबर 1945 रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. दोन वर्षांतच देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तेथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. देश दुभंगला, भागीदारी सुटली; परंतु पाटीवरची आद्याक्षरे मात्र तीच राहिली.

सुट्या भागांच्या रूपाने अमेरिकेहून आलेल्या पहिल्या 75 जीपगाड्यांची जुळणी माझगाव येथे झाली. हे साल होते 1949. आरंभी केवळ जुळणीचे असलेले काम पुढे प्रत्यक्ष निर्मितीचे झाले, आणि कांदिवलीसारख्या उपनगरात, त्यानंतर नाशिकला कारखाने उभे राहिले.

त्यानंतरची कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यात ‘जीप आली’ या दोन शब्दांना विशेष अर्थ होता. जीप आली म्हणजे मामलेदार आले, फौजदार आले, नाहीतर निवडणुकीचा उमेदवार आला. मुले धुळीतून तिच्यामागे धावत. परंतु जीपची खरी योग्यता दिसे ती पावसाळ्यात. ओढ्याला पाणी, पाणंदीत गुडघाभर चिखल, आणि वाडीवर एखादी बाळंतीण अडलेली. अशा वेळी आरोग्य केंद्राची जीप वाडीपर्यंत पोहोचते की अलीकडेच थांबते, यावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असे. ती न पोहोचली तर डोली करून न्यावे लागे. डोलीने पोहोचेपर्यंत कधी कधी उशीर झालेला असे. चारही चाकांना बळ असण्याची किंमत अशा घरी विचारावी.

तथापि जीप ही कष्टाची गाडी. तिच्यात बसणे म्हणजे हाडांची परीक्षा. शिवाय तिच्या रचनेत एक मर्यादा होती. चारही चाकांची जोडणी केली की पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीने बांधला जाई. चिखलात चाक थोडे घसरते म्हणून ते चालून जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे केल्यास वळणावर यंत्राला पीळ बसतो. म्हणून चांगल्या रस्त्यावर दोन चाके आणि वाईट रस्त्यावर चार, असा दांडा सारखा मागेपुढे करावा लागे.

ही मर्यादा ओलांडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी जपानला, आणि तेथील सुबारू या गाडीला जाते. या नावाचा अर्थ मराठी माणसास आपलासा वाटेल. आकाशातील ज्या तारकापुंजास आपल्याकडे कृत्तिका म्हणतात, त्याचे जपानी नाव सुबारू. कृत्तिका सहा, त्यांनी कार्तिकेयाचा सांभाळ केला अशी कथा आहे आणि कार्तिक महिन्याचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. जपानी शब्दाचा अर्थ ‘एकत्र आलेले’ असा होतो, आणि त्यामागे इतिहास आहे. चिकुहेई नाकाजिमा याने 1917 मध्ये विमानांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ विमाने बनवीत असे. 1945 च्या पराभवानंतर विमाने बनविण्यास बंदी आली आणि कारखान्याचे तुकडे झाले. विमानांच्या कारागिरांनी मग ‘रॅबिट’ नावाची स्कूटर बनवून पोट भरले. 1953 मध्ये या विखुरलेल्यांपैकी पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज ही नवी कंपनी निर्माण झाली. पाच लहान तारका आणि एक मोठी, हे तिच्या गाडीचे चिन्ह ठरले. गाडीला सुबारू हे नाव कंपनीचे प्रमुख केंजी किता यांनी दिले. 1958 मध्ये निघालेली ‘सुबारू 360’ ही चिमुकली गाडी जपानच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार ठरली.

चारही चाकांची कल्पना मात्र तिला ग्राहकाकडून मिळाली. उत्तर जपानात हिवाळ्यात भरपूर बर्फ पडते. तेथील तोहोकू वीज कंपनीच्या माणसांना डोंगरातील तारांची पाहणी करावी लागे. त्यांच्याजवळ जीप होत्या. विलिसच्याच परवान्याने मित्सुबिशी ही कंपनी 1953 पासून जपानात जीप बनवीत होती. माझगावची जीप आणि जपानची जीप या एका अर्थाने सख्ख्या बहिणीच. परंतु कडाक्याच्या थंडीत त्या उघड्या गाडीतून हिंडणे जिवावर येई. घरच्या मोटारीइतकी उबदार आणि जीपसारखी न अडणारी गाडी मिळेल काय, अशी विचारणा झाली. सुबारूच्या माणसांनी आपल्या साध्या मोटारीस मागच्या चाकांचीही जोडणी करून पाहिली, आणि त्या प्रयोगातून 1972 मध्ये ‘लिओने’ ही चारही चाकांची गाडी विक्रीस आली. पुढे पुढच्या आणि मागच्या दांड्यांमध्येही गतीचा फरक सामावून घेणारी रचना आली, आणि चारही चाके सदासर्वदा जोडलेली ठेवणे शक्य झाले. चालकाने दांडा ओढण्याचे कारण उरले नाही.

या गाडीचे यंत्रही वेगळ्या धाटणीचे आहे. त्यातील नळकांडी उभी नसून समोरासमोर आडवी असतात. त्यामुळे यंत्र बुटके राहते, गाडीचा भार जमिनीजवळ येतो आणि ती वळणावर कमी झुकते. डोंगराळ व बर्फाळ मुलखातील डॉक्टर, शिक्षक आणि शेतकरी या गाडीस इतके का धरून राहिले, याचे उत्तर या साध्या गुणांत आहे. भारतात ती आपल्या नावाने रुजली नाही. या शतकाच्या आरंभी तिचे एक रूप ‘शेवरलेट फॉरेस्टर’ या नावाने काही काळ विकले गेले, एवढेच. भारतात जपानी वंशाची चार चाकांची गाडी खऱ्या अर्थाने घरोघरी माहीत झाली ती 1985 मध्ये आलेली मारुतीची जिप्सी.

आता एका विपरीत गोष्टीकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रात जीप लोकप्रिय झाली, पण तिचे चारही चाकांचे बळ मात्र हळूहळू नाहीसे झाले. सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून आणि विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी म्हणून जी वाहने धावू लागली, त्यांतील बहुतेकांची मागची दोनच चाके ओढणारी होती. रस्ते सुधारले होते, आणि पुढची जोडणी म्हणजे अधिक पैसा व अधिक तेल. दहा माणसांच्या जागी पंधरा बसविणाऱ्या मालकास तिचे काय प्रयोजन? शहरात उलट घडले. 2010 मध्ये आणि पुन्हा 2 ऑक्टोबर 2020 रोजी नव्या रूपात आलेल्या ‘थार’ने जीपचा जुना थाट परत आणला. 2023 च्या आरंभी तिचाही दोन चाकांनी चालणारा प्रकार बाजारात आला आणि त्यासही गिऱ्हाईक मिळाले. याचा अर्थ उघड आहे. अनेकांना हवी असते ती जीपची आकृती. तिचे बळ नव्हे.

यात निव्वळ हौस असती तर बोलण्याचे कारण नव्हते. परंतु चारही चाकांच्या गाडीविषयी एक घातक गैरसमज आहे. ही गाडी कोठेही जाते आणि तिला काही होत नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की चारही चाकांचे बळ गाडीला चालू करण्यास व पुढे नेण्यास उपयोगी पडते. थांबविण्यास त्याचा उपयोग नाही. गतिरोधक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतोच. ओल्या घाटात थारला थांबण्यास जेवढे अंतर लागेल, ते तशाच वजनाच्या आणि तशाच टायरच्या साध्या गाडीपेक्षा कमी नसते. पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात तर गाडी थोडीबहुत तरंगू लागली की चारही चाकांखालची जमीन एकदमच सुटते. तेथे चार काय आणि चाळीस काय! ज्या गाडीने एके काळी वाडीवरच्या रोग्याचा जीव वाचविला, तीच आज अवाजवी धाडसापायी जीव घेऊ शकते.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोकणातील वेळास, आंजर्ले येथील पुळणीत समुद्री कासवे अंडी घालतात. अशा वाळूवरून गाड्या पळविल्या तर वाळूखालची घरटी चिरडतात. चालविणाऱ्याच्या ते ध्यानीही येत नाही. जेथे रस्ता नाही तेथे जाण्याचे सामर्थ्य मिळाले म्हणजे तेथे जाण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. जीपचा चालक चिखलात शिरे तो पलीकडे कोणी वाट पाहत असे म्हणून.

आणि शेवटी पुन्हा माहुल. माझगावला पहिल्या जीप जुळल्या तेव्हा मुंबईत तेलशुद्धीचा कारखाना नव्हता. 1954 आणि 1955 मध्ये माहुलच्या परिसरात दोन मोठे कारखाने सुरू झाले. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जातात. चार चाके फिरविणारी गाडी तेल अधिक पिते, आणि ते तेल गाळताना जी हवा बिघडते ती कोणाच्या तरी श्वासात जाते. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून उठविलेली कुटुंबे माहुलच्या वसाहतीत पाठविली गेली, तेव्हा प्रदूषणामुळे तेथे राहणे त्यांना असह्य झाले. आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले.

चारही चाकांच्या गाडीचा मोठेपणा तिच्या आवाजात नाही, उंचीत नाही, की रुंद टायरांत नाही. एक चाक रुतले असता उरलेल्या तिघांनी त्यास वर काढावे, एवढीच तिच्यामागची कल्पना आहे. ती एखाद्या वाडीवर वेळेवर पोहोचली तर तिने पिलेले तेल सार्थकी लागते. केवळ लोकांनी वळून पाहावे म्हणून ती गुळगुळीत रस्त्यावर फिरत असेल, तर तिची दोन चाके उगीचच फिरत आहेत असे म्हणावे लागेल.