जिवंत मुळांचे पूल

वडाची पारंबी जमिनीला टेकली कीं तिचें खोड होतें, ही गोष्ट महाराष्ट्रांतील लहान मुलासही ठाऊक असते. मुलांनीं तिला धरून झोके घ्यावेत, वटपौर्णिमेस स्त्रियांनीं त्या वृक्षाला सूत गुंडाळावें, येथपर्यंत त्याचा आणि माणसाचा संबंध पोहोंचतो. परंतु वडाच्याच कुळांतील एका झाडाला हळूहळू वळण लावून, त्याच्या मुळांचाच पूल ओढ्यावर तयार करून घेणारे लोक भारताच्या ईशान्येस राहतात. कला आणि निसर्ग यांच्या सहवासाविषयीं पुष्कळ बोललें जातें. ह्या लोकांनीं तो सहवास प्रत्यक्ष उभा केला आहे.

मेघालयांतील खासी व जैंतिया डोंगरांच्या दक्षिण उतारावर हे पूल आढळतात. चेरापुंजी आणि मौसिनराम हीं गांवें ह्याच भागांतलीं. तेथें वर्षाकाठीं सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. १८६१ सालच्या एकट्या जुलै महिन्यांत चेरापुंजीस ९,३०० मिलिमीटर पावसाची नोंद आहे. अशा प्रदेशांत उन्हाळ्यांत सहज ओलांडतां येणारा ओढा आषाढांत मोठमोठे धोंडे लोटीत धांवतो. बांबूचा सांकव कुजतो, लोखंडी तार गंजते. गांव दरीच्या एका अंगास आणि सुपारीची बाग दुसऱ्या अंगास, अशी स्थिति असली म्हणजे पूल ही शोभेची वस्तु राहत नाहीं; चार महिन्यांचा सारा व्यवहार तिच्यावर अवलंबून असतो.

खासी लोक ह्या पुलांस जिंगकिएंग ज्री म्हणतात. झाडाचें शास्त्रीय नांव फायकस इलॅस्टिका. वडाप्रमाणें ह्यालाही हवेंत मुळें सुटतात. ओढ्याच्या कांठीं लावलेलें झाड पुरेसें वाढलें म्हणजे त्याचीं कोवळीं मुळें बांबूच्या सांगाड्यावरून, किंवा उभ्या चिरून पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून, पैलतीराकडे नेतात. तेथें पोहोंचलेलें मूळ मातींत शिरतें आणि जाड होऊं लागतें. मग त्याच्या जोडीला दुसरें आणावयाचें, तिसरें आणावयाचें, तीं एकमेकांत गुंफावयाचीं. एकमेकांवर दाबलीं गेलेलीं मुळें कालांतरानें एकजीव होतात. कांहींचे कठडे बनतात, कांहींची चाल बनते. मधल्या फटींत दगड व माती भरतात. नोंग्रियात येथें एकावर एक असे दोन पूल आहेत. कांहीं पुलांची लांबी ५० मीटरांच्याही पुढें गेली आहे.

पण ह्या कामांतील खरें द्रव्य मूळ नव्हे, काळ आहे. पूल निर्धास्तपणें वापरण्याजोगा होण्यास साधारणतः १५ ते ३० वर्षें लागतात. ज्यानें उतारवयांत झाड लावलें, त्याच्या नशिबीं त्या पुलावरून चालणें बहुधा नसतेंच. तें सुख नातवाचें. चुनेगच्चीचें बांधकाम पुरें झालें त्या दिवसापासून झिजूं लागतें. हा पूल वयाबरोबर बळकट होत जातो. मात्र त्याला एक अट आहे. माणसाचा हात त्यावर फिरत राहिला पाहिजे. नवें मूळ वळवून घेणें, सुटलेलें पुन्हा गुंफणें, हें गांवाचें काम पिढ्यान्‌पिढ्या चालावें लागतें. झाडालाही ह्यांत लाभ आहेच. त्याला दोन्ही तीरांवर पाय रोवण्यास मिळतात, आणि ज्यावर गांवाची वाट अवलंबून आहे त्यावर कोणी कुऱ्हाड चालवीत नाहीं.

बंगाल इंजिनियर्समधील हेन्री यूल यानें १८४४ सालीं खासी डोंगरांवर लिहिलेल्या टिपणांत ह्या पुलांचें वर्णन आहे. त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, २०१९ सालीं, म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठांतील फर्डिनांड लुडविग व त्याच्या सहकाऱ्यांनीं ७४ पुलांची पाहणी प्रसिद्ध केली. हाच वास्तुशिल्पी जर्मनींत जिवंत झाडांच्या इमारती रचतो. नागोल्ड येथें २०१२ सालीं उभारलेल्या त्याच्या एका रचनेंत निरनिराळ्या उंचीवर ठेवलेलीं झाडें एकमेकांस जोडलीं आहेत. तीं एकजीव होऊन भार पेलूं लागलीं कीं आधाराचें पोलाद काढून घ्यावयाचें, अशी योजना आहे. खासी खेडुतानें जें गरजेपोटीं साधलें, तें पदवीधर शिल्पी आतां अभ्यासानें साधूं पाहत आहे.

इकडे मूळ पुलांपुढें मात्र प्रश्न उभा आहे. पोलादाचा किंवा सिमेंटचा पूल कांहीं महिन्यांत होतो, आणि आजाऱ्याला पैलतीरीं न्यावयाचें असतां कोणासही वीस वर्षें थांब म्हणतां येणार नाहीं. तेव्हां नव्या पुलास नांवें ठेवणें अन्यायाचें. परंतु नवी वाट झाली कीं जुनीवरचा हात सुटतो, आणि हात सुटला कीं पूल नुसतें झाड होऊन राहतो. उलट जेथें प्रवाशांची झुंबड उडते, तेथें पावलांखालीं मुळांची साल सोलवटते. २०२२ सालीं ह्या पुलांच्या प्रदेशाचें नांव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आलें, हें चांगलेंच झालें. तथापि यादी मूळ गुंफीत नाहीं, तें काम गांवकऱ्याच्याच बोटांचें.

फायकस इलॅस्टिका पाहण्यास मेघालयास जाण्याचें कारण नाहीं. रबराचें झाड म्हणून तें मुंबई-पुण्याच्या घरांतून कुंडींत उभें असतें. त्याच्या तकतकीत पानांवरची धूळ पुसली जाते आणि जागा अपुरी पडली कीं शेंडा छाटला जातो. झाड तेंच, माणसानें त्याच्याकडे मागितलें काय, एवढाच फरक. कुंडींतल्या झाडाकडे शोभा मागितली, ती त्यानें दिली. डोंगरांतल्या झाडाकडे वाट मागितली आणि तिच्या मोबदल्यांत स्वतःचीं वर्षें दिलीं, म्हणून त्यानें वाट दिली. ज्याचें फळ नातवाच्या पदरांत पडावयाचें, असें एखादें काम आपल्या घरांत चालू आहे काय, हा प्रश्न ते दूरचे पूल प्रत्येक कुटुंबास विचारीत आहेत.