दोन पिढ्या आणि आपले मंडळ
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांकडे मागे वळून पाहताना आम्हांस एक गोष्ट अस्वस्थ करते. ज्यांनी मंडळाचा पहिला गणपती बसविला, ते आज पहिल्या रांगेत बसतात आणि त्यांची नातवंडे सभागृहाबाहेर खेळतात. दोघेही कार्यक्रमास येतात. परंतु परस्परांना भेटत नाहीत.

या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष गेले नाही, असे नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९९ हे वृद्धांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी भारत सरकारने वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि पिढ्यापिढ्यांतील जिव्हाळ्याचे महत्त्व तरुणांना पटवून देण्याचा उद्देश त्यात नमूद केला. पुढे २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली व त्यासाठी न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद केली. निर्वाहखर्च अशा रीतीने मिळविता येतो, परंतु सायंकाळी शेजारी बसून "आजोबा, मग पुढे काय झाले?" असे विचारणारा नातू कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही.

परप्रांतात ही उणीव अधिकच जाणवते. उतारवयात मुलाकडे राहावयास आलेल्या आजीला शेजारणीची भाषा येत नाही. नातवाला शाळेतल्या भाषा येतात, पण आजीचे पत्र वाचता येत नाही. एकाच घरात दोघेही एकाकी.

वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन हे अंतर मिटणार नाही. सत्कारात एक देतो व दुसरा घेतो. स्नेह जुळतो तो दोघांनाही एकमेकांची गरज भासते तेव्हा. म्हणून आमची सूचना साधी आहे. दर रविवारी मुलांनी ज्येष्ठांना मराठी वृत्तपत्र वाचून दाखवावे. अडलेले जोडाक्षर ज्येष्ठांनी सांगावे. एकाची दृष्टी मंदावलेली, दुसऱ्याचे वाचन कच्चे. दोघांचीही सोय होईल. ज्येष्ठांनी या शहरी येण्याची हकीकत सांगावी, मुलांनी ती मराठीत लिहून काढावी. मोबाईलवरील व्यवहार मात्र मुलांनी शिकवावेत. तेथे गुरू तेच!

धोरण म्हणजे तरी दुसरे काय? ठरलेला वार, ठरलेली जागा, एक जबाबदार कार्यकर्ता आणि अंदाजपत्रकात थोडी तरतूद. एवढे मंडळाला सहज करता येईल.

शतकमहोत्सवात आजची मुले पहिल्या रांगेत असतील. तेव्हा त्यांच्याशी मराठीत बोलावयास शेजारी कोणी असेल की नाही, हे आपण आजच ठरवावयाचे आहे.